गावच्या घराचं किचन-बाथरूम: वर्क ट्रँगल की मागची पडवी?

नारळीबाग_०७
इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरीत. किचन-बाथचा प्रोजेक्ट खऱ्या घराचा करायचाय म्हणून मामांचं गुहागरकडचं घर घेतलं. चिऱ्याचं घर, समुद्र अगदी जवळ, मामा-मामी मुंबईला, त्यामुळे मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूपच. किचन १० बाय १२, त्याला लागून जुनी न्हाणी, मागे पडवी. मी एल शेप ओटा, मध्ये आयलंड (सुटा ओटा) असं काढलं, वर्क ट्रँगल म्हणजे सिंक, गॅस आणि फ्रिज जोडणारा त्रिकोण एकदम नियमात, प्रत्येक बाजू ४ ते ९ फुटांत आणि बेरीज २६ च्या आत. मामीने प्लॅन बघून पहिलाच प्रश्न टाकला, मासे कुठे साफ करायचे? सरांना मॉड्युलर पाहिजे, मामीला पडवी पाहिजे, मी मध्ये लटकलोय. आणि प्लाय कुठला घेऊ, दुकानात गेलं की सगळंच मरीन (पाण्यात टिकणारं) असतं म्हणे.

रंधा_पटाशी
मामी बरोबर आहे 😄 आधी आयलंड खोड. ओटा २ फूट, पुढे उभं राहायला साडेतीन, आयलंड अडीच, झाले ८. पलीकडे उरतात २ फूट, तिथून कोणी तिरकंच जाईल.

ट्रँगल वाईट नाही पण तो आला कुठून ते बघ. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत त्यावर काम झालं, आणि त्याच्या आधी १९२६ ला मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्कीने फ्रँकफर्ट किचन केलं ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर, एकटी बाई कमीत कमी पावलांत काम उरकेल असं. तुझ्या मामांकडे गणपतीत एक मोदक वळतेय, एक नारळ खवतेय, एक चहा टाकतेय आणि तेवढ्यात कोणीतरी पाणी प्यायला घुसतंय, तिथे एका माणसाचा त्रिकोण काय करणार? झोन पाड. ओलं आणि वासाचं काम पडवीत, शिजवणं आत, आणि चहा-पाण्याचा छोटा कोपरा दाराशीच, म्हणजे पाहुणे गॅसपर्यंत येणारच नाहीत. सरांना हेच ड्रॉइंगवर माणसांच्या जाण्यायेण्याच्या रेषा मारून दाखव, ते नाही म्हणणार नाहीत.

प्लायवर भारतीय मानकाचा शिक्का बघायचा, आयएस ७१० असेल तरच मरीन. आयएस ३०३ वाला बीडब्ल्यूआर (त्याच्या खालचा, पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा) कोरड्या भिंतीला ठीक, सिंकखाली नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर गावात आणूच नको, एका पावसाळ्यात फुगतो. मी तर म्हणेन ओट्याखाली प्लायचे बॉक्सच करू नको, कडाप्प्याची पार्टिशन कर आणि पुढे नुसती शटर लाव, तीही जाळीची किंवा पट्ट्यांची. महिनोन् महिने बंद घरात पॅक शटरमागे बुरशीच येते. फक्त वरचा ओटा ग्रॅनाइटचा घे, कडाप्पा चुनखडीचा दगड आहे, कोकम-लिंबू सांडलं की डाग बसतो तो निघत नाही.

बिजागऱ्या, बास्केट स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडच्या खाली नकोत. समुद्राच्या एवढ्या जवळ ३०४ वरपण तांबूस डाग येतात, म्हणून उघड्यावरचं सिंक आणि नळ परवडलं तर ३१६, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला तेच टिकतं.

मालवणची_काकी
माका तुझ्या आयलंडातला काय कळूक नाय, पण पडवीतला सांगतंय. माशांचं सिंक खोल आणि मोठं घे, बाजूला उतार असलेला दगड, आणि खवल्यांसाठी नळाखाली जाळी हवीच नाहीतर पाइप तुंबलाच. मांजर येणार ते धरूनच चाल. खाली बसून खवायचे दिवस गेले, आता गुडघे कुठे ऐकतात, म्हणून भिंतीला लागून दीड फूट उंचीचा कट्टा कर, त्यावर बसून समोरच्या स्टुलावर खवणी ठेवता येते. मुख्य ओटापण मामीच्या कोपराखाली चार-पाच बोटं येईल एवढाच उंच, पुस्तकातले ३६ इंच सगळ्यांना होत नाहीत.

पाइप_आणि_पाना
न्हाणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. तुमची न्हाणी किचनला लागून आहे म्हणजे मधली भिंत ओली झाली की पलीकडची भांड्यांची मांडणी गेली. वॉटरप्रूफिंग जमिनीवरून भिंतीवर १ फूट वर घ्या, शॉवरकडे ६-७ फूट. टाइल लावायच्या आधी ट्रॅपला (सांडपाण्याच्या जाळीखालचं, पाणी साठून राहणारं भांडं) बूच मारून पाणी भरून २४ तास ठेवा, ४८ ठेवलं तर उत्तम, मिस्त्री घाई करेल, करू द्या. उतार १ ला ८०, म्हणजे ४ फुटाला अर्ध्या इंचापेक्षा थोडा जास्त. टाइल अँटी-स्किड आणि फटीत भरायचं ग्राउट इपॉक्सी. दार डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं), चौकट ग्रॅनाइटची.

दुसरं, बंद घर. नहाणी ट्रॅपमधलं ५० एमएमचं पाणीच गटाराचा वास अडवतं, ते उन्हाळ्यात सुकतं आणि चाकरमानी दार उघडतात तेव्हा वास आणि झुरळं स्वागताला. जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाण्याचं तेल टाकायचं, सुकायला बराच वेळ लागतो. म्हणून ट्रॅप कमी ठेवा, जितके जास्त तितकी कटकट.

नारळीबाग_०७
भारी! आयलंड गेला. एक राहिलं, चिमणीचा पाइप पश्चिमेच्या भिंतीतून काढलाय, जवळ पडतो म्हणून. चालेल?

रंधा_पटाशी
नको. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, धूर आणि पाऊस दोन्ही आत ढकलेल, झडप असली तरी. पूर्वेला किंवा उत्तरेला काढ, ६ इंची पाइप, बेंड दोनच्या वर नकोत. अंतर वाढतंय असं वाटलं तर गॅसच त्या भिंतीला सरकव. आणि पडवीत जुनी चूल असेल तर ती पाडू नको, मामीला विचार आधी.