इंग्रजीतल्या 'विच'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही?

तपासनीस_चाकण:
नमस्कार. चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, पण ग्राहक जर्मनीतला असल्यामुळे रिपोर्ट इंग्रजीतच जातो. चाळीस व्हॉल्व्हच्या खेपेतले सहा गळत होते, तेवढेच परत पाठवले. मी लिहिलं, 'द व्हॉल्व्ज विच वेअर लीकिंग वेअर सेंट बॅक.' वर्डने विचखाली रेघ मारली. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, विचच्या आधी स्वल्पविराम हवाच. आमचा वाद मिटेना. दुसरं म्हणजे, आमच्या खात्यात 'द सॅम्पल विच वी रिसीव्ह्ड इट ऑन मंडे' असं सर्रास लिहितात. साहेब प्रत्येक वेळी त्यातलं 'इट' खोडतात, पण कारण सांगत नाहीत. कुणी नीट समजावेल का?

फळा_खडू:
तुमचं वाक्य बरोबर आहे, स्वल्पविराम अजिबात देऊ नका. विचच्या आधी आणि लीकिंगच्या नंतर तो दिलात, तर वाचणारा समजेल की चाळीसच्या चाळीस गळत होते आणि सगळी खेप परत गेली. बिलावर भांडण होईल हो अशाने!

हू, विच की दॅट हे नंतर बघा. आधी ठरवा, ते उपवाक्य निवड करतंय की नुसती जादा माहिती देतंय. 'गळणारे व्हॉल्व्ह परत पाठवले' म्हटलं की बाकीचे इथेच आहेत हे कुणालाही कळतं. 'व्हॉल्व्ह परत पाठवले, सगळेच गळत होते' म्हटलं की काहीच उरलं नाही. पहिल्या अर्थाला इंग्रजीत स्वल्पविराम नाही, दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर' यात भाऊ एकच. स्वल्पविराम काढलेत, तर आणखीही भाऊ असावेत असं वाटतं.

आता 'इट'. याचं मूळ आपल्या शिकवण्यात आहे आणि मला ते मनापासून खटकतं. हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते तेव्हापासून बघतेय, हू म्हणजे जो, विच म्हणजे जे, असं मुलांकडून घोकून घेतात. मराठीत 'जो'च्या मागोमाग 'तो' येतो: 'जो नमुना सोमवारी आला, तो तपासला.' मूल ती जोडी तशीच इंग्रजीत नेतं. 'द बॉय हू केम येस्टर्डे, ही इज माय फ्रेंड' असली वाक्यं वह्यांमध्ये ढिगाने असायची. त्यापेक्षा 'आम्ही सोमवारी घेतलेला नमुना' इथून सुरुवात करा. यात 'तो' कुठे नाहीच, म्हणून 'इट' सुचतही नाही: 'द सॅम्पल वी रिसीव्ह्ड ऑन मंडे.' विचसुद्धा लागलं नाही बघा. मात्र असं गाळणं ते सर्वनाम कर्म असेल तरच चालतं. नमुना आपण घेतला, म्हणून गाळता आलं. व्हॉल्व्ह स्वतःच गळतायत, तिथे विच किंवा दॅट ठेवावंच लागतं.

दुभाषी:
बाईंशी सहमत. वर्डच्या रेघेबद्दल थोडं. निवड करायला दॅट आणि जादा माहितीला विच, अशी वाटणी फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 साली सुचवली होती. गंमत म्हणजे ती अमेरिकेतल्या संपादकांनी उचलून धरली, ब्रिटिश लेखक मात्र आजही निवडीसाठी विच बिनधास्त वापरतात. वर्ड अमेरिकन बाजूने बोलतं. तुमच्या सहकाऱ्याने त्या रेघेवरूनच स्वल्पविराम हवा असा अर्थ लावला असणार. तिथे दॅट घाला, रेघ जाईल आणि अर्थही शाबूत राहील. उलट मात्र करू नका, जादा माहिती देताना स्वल्पविरामानंतर दॅट येत नाही.

तपासनीस_चाकण:
बाई, दुभाषी, दोघांचे आभार. रिपोर्ट असा जातोय: 'द सिक्स व्हॉल्व्ज दॅट वेअर लीकिंग वेअर सेंट बॅक.' सहकाऱ्यालाही पटलं. अजून दोन शंका. 'द पंप हूज सील फेल्ड' यात पंपाला हूज चालेल? आणि 'द इंजिनिअर हूम वी थिंक अप्रूव्ह्ड द ड्रॉइंग' हे बरोबर आहे का?

फळा_खडू:
हूज निर्जीव वस्तूंनाही चालतं, शतकानुशतकं चालत आलंय. 'द पंप द सील ऑफ विच फेल्ड' चूक नाही, पण वाचताना अडखळायला होतं. हूजच ठेवा.

दुसऱ्यात हू हवं. 'वी थिंक' बोटाने झाकून वाचा: 'हू अप्रूव्ह्ड द ड्रॉइंग'. मंजुरी देणारा तोच, म्हणजे कर्ता. 'द इंजिनिअर टू हूम वी सेंट द ड्रॉइंग' यात मात्र हूमच, कारण लगेच आधी टू आहे. रोजच्या मेलमध्ये 'द इंजिनिअर वी सेंट द ड्रॉइंग टू' लिहिलंत तरी कुणी नाव ठेवणार नाही, फक्त शेवटचं टू विसरू नका.