साताऱ्याहून एका दिवसात परदेशी झाडं बघायला कुठं जावं?

किल्ल्याखालची: मंडळी, आमच्या पोराला सध्या झाडांचं वेड लागलंय, गोरखचिंच दाखव, कैलासपती दाखव म्हणून डोकं खातोय. सकाळी निघून रात्री घरी येता येईल असं काही आहे का? सासूबाई पण येणार, त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळं चढ नको. आणि मे बरा का पावसाळा?

कंदीपेढा: सरळ पुण्याचं एम्प्रेस गार्डन, रेसकोर्सजवळ. 39 एकर आहे पण सपाट, आजींना सावलीत बसवा आणि तुम्ही फिरा. फक्त जानेवारीत फ्लॉवर शो असतो तेव्हा जाऊ नका, झाडं सोडून माणसंच बघावी लागतात. पावसाळ्यात डास लय. मेमध्ये गुलमोहर फुललेला असतो, तो पण मूळचा मादागास्करचा बरं का, आपण उगाच त्याला घरचा समजतो.

मिरजकर: गोरखचिंचच बघायची तर विजापूरला जा, तिथं जुनी अवाढव्य झाडं आहेत, आम्ही जतवरून जातो. पण तुम्हाला साताऱ्याहून ते एका दिवसात दमवणारं होईल. आणि मे नको, थंडीत पानं झडलेली असतात तेव्हा जा, नुसतं फुगलेलं खोड आणि वर आखूड फांद्या, मुळं आभाळात गेल्यासारखी दिसतात. फुलं पावसाच्या तोंडावर येतात पण रात्री उमलतात, ती वटवाघळांसाठी, आपल्याला कुठली दिसायला!

किल्ल्याखालची: विजापूर राहू दे मग 😅 आणि कैलासपती?

कंदीपेढा: दक्षिण अमेरिकेतला. फांदीवर फुलं शोधत बसू नका, खोडालाच लोंबतात. एक खाली पडलेलं उचलून पोराला आत बघायला सांगा, पिंडीवर नागफणा धरल्यासारखं दिसतं, वासही झकास. फळ मात्र तोफगोळ्याएवढं, त्याच्या खाली उभं राहू नका आणि फुटलेलं असेल तर नाक धरा.

पाचगणी_रिटर्न: पुण्याला जायच्या आधी एक रविवार पाचगणीला जा की, तिथं रस्त्याकडेला सिल्व्हर ओक आहेत, ऑस्ट्रेलियातले. पान उलटं करून बघायला लावा, वरनं हिरवं, खालनं चंदेरी. तिकीट नाही काही नाही, सासूबाई गाडीत बसून पण बघतील.

किल्ल्याखालची: हे भारी. या रविवारी पाचगणी, पुणे मेमध्ये. डबा घेऊन जाऊ देतात का बागेत?