मदत हवी आहे: सोनेगावहून (नागपूर विमानतळ) व्हीएफआर (नजरेने बाहेर पाहत केलेलं) उड्डाण आणि प्रतिबंधित क्षेत्र

नमस्कार मंडळी. एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर हातात असले, तरी वाऱ्याने वाट सरकतेच. १०० नॉटच्या वेगाला १० नॉटचा आडवा वारा म्हणजे जवळपास ६ अंश. ६० नॉटिकल मैलांत ६ मैल बाहेर! जीपीएसचा डेटाबेस २८ दिवसांनी बदलतो, नोटामने (वैमानिकांसाठीची सूचना) ऐनवेळी बंद केलेलं क्षेत्र त्यात नसतं. ते नकाशावर हाताने आखावंच लागतं.

हद्दीपासून किती मैल अंतर ठेवता? चुकून आत शिरलंच, तर चालू फ्रीक्वेन्सीवर लगेच सांगायचं, उत्तर नसेल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर, लढाऊ विमान आडवं आलं तर पंख हलवून त्याच्या मागोमाग जायचं आणि वेगळी सूचना नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा कोड लावायचा, हे पक्कं. पण सूचना येईपर्यंत आल्या वाटेने वळावं, की जवळच्या हद्दीकडे? अनुभवी वैमानिकांनी कृपया सांगावं.