मदत हवी आहे: मांड्यांचे दुखणे थांबत नाही, ताकद अडली, धावण्याचा वेगही उतरला

उतारवाट:
वय ३४, वजन ७० किलो. १० आठवडे चाललेला आराखडा असा:

सोमवार: स्क्वॉट ५ सेट × ८, रोमानियन डेडलिफ्ट ३ × ८
मंगळवार: १० किमी वेगात, त्यात ४ किमी उतार
गुरुवार: लंज ४ × १२ प्रत्येक पायाला, लेग प्रेस ४ × १०
शुक्रवार: ८०० मीटर × ६
रविवार: १८ किमी

प्रथिने दिवसाला साधारण ८५ ग्रॅम, त्यातली बरीचशी रात्रीच्या जेवणात. प्रत्येक व्यायामानंतर १२ मिनिटे बर्फाच्या पाण्यात पाय, आणि फार दुखले तर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, आठवड्यातून तीन-चारदा.

पहिल्या तीन आठवड्यांत मांडीचा घेर दीड सेंमी वाढला, पुढे एक सेंमी उतरला. सहाव्या आठवड्यापासून स्क्वॉटचे वजन हललेले नाही. सावकाश धावताना हृदयाचे ठोके तेवढेच, पण वेग कमी. उताराच्या धावण्यानंतर दोन दिवसांनी केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिन कायनेज (स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे विकर) १,१५० आले, एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या तपासणीतली विकरेही थोडी वर आहेत.

प्रश्न तीन. दुखते म्हणजे स्नायू वाढतोय, हे खरे का? धावण्यामुळे स्नायू झडतोय का? आणि या रिपोर्टला घाबरायचे का?

तंतुमय:
आधी घेराचे बघू. तीन आठवड्यांत दीड सेंमी वाढला तो बहुतांश सूज होती. नव्या ताणाने तंतूंना इजा झाली की पाणी साठते आणि टेप ते स्नायू म्हणून मोजते. पुढे सूज उतरली. तुमचा स्नायू झडलेला नाही.

आता दुखण्याचे. उतारावर पाऊल टेकले की मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ताण धरतो. लांबताना सगळे सारकोमिअर, म्हणजे तंतूतले आकुंचन पावणारे बारीक कप्पे, सारखे ताणले जात नाहीत. कमजोर असतात ते इतके ओढले जातात की अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या स्नायू ओढणाऱ्या प्रथिनांची पकडच सुटते. तंतूचे आवरण फाटते, कॅल्शियम आत शिरते, त्याने जागी झालेली कॅल्पेन विकरे आतला सांगाडा कापू लागतात. मग पांढऱ्या पेशी येतात. पहिल्या मॅक्रोफेज पेशी कचरा उचलतात, नंतरच्या दुरुस्तीला हात लावतात. दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते ते या सगळ्यामुळे.

दुरुस्तीचे काम सॅटेलाइट पेशींचे. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्या प्रथम दाखवल्या, तंतूचे आवरण आणि त्याबाहेरचा पातळ पडदा यांच्या बेचक्यात निपचित पडलेल्या. इजा झाली की त्या जागतात, विभागतात, काही तंतूत मिसळून आपले केंद्रक देतात आणि काही पुढच्या वेळेसाठी मागे राहतात.

तर दुखणे हे इजेचे माप आहे, वाढीचे नाही. वाढीचा इशारा ताणातून मिळतो, आणि न दुखताही स्नायू वाढतो. इजा मोठी असेल तर व्यायामानंतर तयार होणारी नवी प्रथिने आधी डागडुजीत खर्च होतात. तुमचे तेच चालले आहे: सोमवार, मंगळवार, गुरुवार, तिन्ही दिवशी त्याच मांडीला लांबवणारा ताण, आणि या तिघांच्या मधे ४८ तासांहून जास्त उसंत नाही.

उतार पूर्ण सोडू नका. एकदा उतारावर धावले की पुढचे काही आठवडे त्याच उताराने खूप कमी इजा होते. हे संरक्षण टिकवायला दोन आठवड्यांतून एकदा १० ते १५ मिनिटे पुरतात. दर आठवड्याला वेगात ४ किमी नको.

संथगती:
मालिश करून लॅक्टिक आम्ल बाहेर काढले तर फरक पडेल का?

तंतुमय:
नाही. लॅक्टेट तास-दीड तासात मूळ पातळीवर येते. दुसऱ्या दिवशी दुखते तेव्हा ते तिथे नसतेच. मालिशने दुखणे थोडे सुसह्य होते, तेवढ्यासाठी जरूर करा.

दमसास:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी एका गटाला आठवड्यात ५ दिवस ताकदीचा आणि ६ दिवस दमाचा व्यायाम दिला. सात-आठ आठवडे ताकद वाढली, नवव्या-दहाव्यात उतरली. नुसती ताकद करणारा गट मात्र वाढतच राहिला. तुमची गोष्ट याच वळणाची आहे.

कारण म्हणून बहुतेक ठिकाणी एवढेच सांगतात की धावण्याने एएमपीके हे ऊर्जेची टंचाई ओळखणारे विकर जागे होते आणि ते वाढीचा कळीचा रेणू एमटॉर दाबते. प्रयोगशाळेत हे दिसते. पण माणसात इतका सरळ हिशोब लागत नाही, आणि तुमच्या बाबतीत मला साधी कारणे जास्त वजनदार वाटतात: थकलेले पाय आणि रिकामे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा. इजा झालेला स्नायू ग्लायकोजेनही हळू भरतो. त्याच ठोक्यांना वेग कमी पडतोय त्यामागे हे असणार.

ताकद आणि कठीण धावणे यांत किमान ६ तास ठेवा. एकाच सत्रात करायचेच तर वजने आधी. सगळे धावणे वेगात नको. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांत दाखवले की दमाच्या व्यायामाने स्नायूतली मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाघरांची) विकरे सुमारे दुप्पट होतात. माणसात ही वाढ नियमित, बऱ्याच वेळाच्या सावकाश धावण्यानेही होते आणि मांड्यांची झीज कमी राहते. बोलता येईल असा वेग ठेवा.

समतोल:
खाणे कमी पडते आहे. प्रथिने वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ११२. एकाच जेवणात कोंबू नका, चार वेळा २८-२८ ग्रॅम घ्या. प्रत्येक वेळी ल्युसीन हे प्रथिनांतले अमिनो आम्ल पुरेसे पोचले की एमटॉरला चालना मिळते, ती काही तासांत ओसरते, मग पुन्हा द्यावी लागते. कर्बोदके एवढ्या व्यायामाला किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे ३५०. त्याच दिवशी दुसरे सत्र असेल तर पहिल्यानंतरचे चार तास दर तासाला ७० ग्रॅम.

बर्फाचे पाणी वजनांच्या दिवशी बंद. सूज आणि रक्तप्रवाह दाबताना ते वाढीचा इशाराही दाबते. १२ आठवडे असे केलेल्यांत स्नायूची वाढ कमी भरली. स्पर्धेत लागोपाठ दोन दिवस धावायचे असेल तर गोष्ट वेगळी.

आयबुप्रोफेनही सोडा. रोज १,२०० मिग्रॅ, आठ आठवडे, अशा मात्रेत तरुणांच्या स्नायूची वाढ कमी झाल्याचे दिसले आहे. तुमची मात्रा कमी आहे, पण माझी खरी काळजी मूत्रपिंडाची आहे. घाम गेलेला, क्रिएटिन कायनेज वाढलेले आणि वर ही गोळी, हे तिन्ही एकत्र कधीही नको.

तंतुमय:
रिपोर्टबद्दल. उतारावर धावल्यावर दोन दिवसांनी १,१५० येणे नवल नाही. एएसटी आणि एएलटी स्नायूतही असतात, त्यामुळे यकृताचा आजार गृहीत धरू नका. डॉक्टरांना व्यायामाचे आवर्जून सांगा आणि जीजीटी हे यकृताचे आणखी एक विकर तपासायला सांगा, ते स्नायूच्या इजेने वाढत नाही. ७ दिवस जोराचा व्यायाम न करता तपासणी पुन्हा करा. तेव्हाही वरच असेल तर कारण शोधायलाच हवे.

लघवी काळ्या चहासारखी झाली, मांडी टणक सुजली किंवा पायातला जोर गेला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फुटलेल्या तंतूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाला इजा करते आणि पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते.

उतारवाट:
मनापासून आभार. आधी विश्रांतीचा आठवडा आणि तपासणी. ती नीट आली तर असे करतो:

मंगळवार: स्क्वॉट ४ × ६, दोन रेप्स (आवर्तने) हातात राखून
बुधवार: ८ किमी सावकाश
गुरुवार: ८०० मीटर × ६
शनिवार: लंज २ × ८, लेग प्रेस ३ × १०
रविवार: १६ किमी सपाटीवर

दमसास:
शनिवारचे लंज हलवा. त्याचे दुखणे नेमके रविवारच्या १६ किमीत भेटेल. गुरुवारी सकाळी ८०० मीटर, मधे पोटभर कर्बोदके, आणि ८ तासांनी लंज व लेग प्रेस. शुक्रवार पूर्ण आराम. शनिवारी ४० मिनिटे सावकाश, तेही नको वाटले तर चाला. कठीण कामे एका दिवसात बसली की हलके दिवस खरोखर हलके राहतात.

तंतुमय:
घेर मोजायचा तर मंगळवारी सकाळी, स्क्वॉटच्या आधी. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या बरोबर मधे पेनाने खूण करा, उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार. दर चार आठवड्यांनी एकदाच. त्याआधी दिसलेला फरक पाण्याचाही असू शकतो.