आबाजीचं गुरुवारचं विमान (ग्रुप : आर्वीचे सगळे)

प्रमिला आत्या : पिंटू आबाजीचं तिकीट पाह्यलं. नागपूरहून 8.10, मुंबई 9.45. परळच्या डॉक्टरनं 11 ले बोलावलं. जमन का बाप्पा? मागच्या खेपेले काय झालं ते सगळ्याईले माईत आहे

पिंटू : आत्या कायले घोर करता, हवाई अंतर 690 किमीच्या आसपास, विमान पळते ताशी 800 नं. भागून पाहा, 52 मिनिटं. 9 लेच पोचतात आबाजी

मोठे काका : अमरावतीहून विमान आहे. आपल्याले जवळ पडते.

संजूमामा : आबाजीले खिडकी द्या, वरून कोणाच्या वावरात तूर कशी आहे ते पाहून येतीन 😂😂

मोठी काकू : संजूभाऊ मस्करी नोका करू, बायपासवाला माणूस आहे

वैशूताई पुणे : पिंटू भागाकार बरोबर आहे पण विमान काही जागेवरून 800 नं सुटत नाही. तिकिटावरची वेळ गेटवरून हललं तेव्हापासून मुंबईच्या गेटवर थांबेपर्यंतची, त्यात रनवेपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं सगळं आलं. हिवाळ्यात वर वारा पश्चिमेकडून असतो म्हणजे जाताना तोंडावर, येतानाच लवकर होतं. आणि मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच चालतो, गर्दी असली की वरच घिरट्या

पिंटू : ताई तुमी पुण्यात बसून सांगून रायल्या, तिकीट मी काढलं

वैशूताई पुणे : काढलंस, चांगलं केलंस. विचारलं असतंस तर आणखी चांगलं झालं असतं 🙏

मोठे काका : अमरावतीहून विमान आहे. बेलोरा. 16 एप्रिल 2025 पासून चालू आहे.

पिंटू : मोठे काका ते रोज नसते. पंख्यावालं एटीआर आहे, अंतर 550 च्या आसपास तरी पावणेदोन तास घेते

संजूमामा : समृद्धी आपल्या तालुक्यातूनच गेला, गाडीनं न्या, 8 तासात मुंबई

मोठी काकू : गाडी कोण देते? मागच्या खेपेले कोणाची गाडी ऐनवेळी गॅरेजात होती ते बी लिहा

संजूमामा : वयनी तो विषय इथं नोको. खरंच क्लच गेला होता

वैशूताई पुणे : भांडू नका, वेळ मांडा. आर्वीहून नागपूर शंभरावर किमी, काउंटर तासभर आधी बंद, म्हणजे आबांना रात्री 3 ला उठवायचं. विमान 9.45 ला अगदी वेळेवर लागलं तरी व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, बाहेर यायला सव्वादहा, तिथून परळ सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर. काहीच बिघडलं नाही तरी 11 हुकतात

प्रमिला आत्या : तेच तं मी सकाळपासून म्हणून रायलो

मोठे काका : बुधवारी अमरावतीहून आहे का ते तं पाहा कोणी.

पिंटू : पाह्यतो काका. नसन तं नागपूरहून बुधवारी संध्याकाळचं करतो. पण बदलाचे पैसे लागतीन, ते कोण देइन तेबी आताच बोला

(पंधरा मिनिटं कोणीच नाही)

प्रमिला आत्या : मी देतो. मुक्काम दादरले भाचीकडं, तिले फोन केला. व्हीलचेअर तिकिटावरच लिहून घे. अन् आबाजीची फाईल, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवजो, सामानात टाकू नोको