लिफ्टचे पैसे तळमजल्याने का भरायचे?
तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचा खर्च का सोसायचा, हा प्रश्न रास्त वाटतो. पण सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, उत्तर उलटं आहे. लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखाच वाटा द्यायचा, वापरा किंवा नका वापरू. वॉचमन, झाडलोट हे सेवाशुल्कही दर फ्लॅटमागे सारखंच. पाणीपट्टी मात्र नळजोड बघून, आणि दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. म्हणजे तिथे मोठ्या फ्लॅटला जास्त.

आमच्याकडे सगळंच चौरस फुटावर चालायचं. एका थ्री बीएचकेवाल्या काकांनी सर्वसाधारण सभेत बिल फडफडवून विचारलं, "वॉचमन मला दोनदा सलाम ठोकतो का?" तेव्हा कुठे बिलात वेगळे रकाने आले. आता भांडण फक्त पार्किंगवरून.