'स्टार राईज': नुसरतच्या गाण्यांचं रिमिक्स, आणि नाकं मुरडणारे आपण

खर्ज:
पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खानांचा 'स्टार राईज' (1997) हा रिमिक्स अल्बम परत ऐकला. गिटारवादक-निर्माता मायकेल ब्रूकबरोबरच्या 'मस्त मस्त' (1990) आणि 'नाइट साँग' (1996) या दोन अल्बममधली गाणी तालविन सिंग, नितीन सॉनी, जॉय, एशियन डब फाउंडेशन वगैरे ब्रिटनमधल्या देशी मंडळींनी नव्याने बांधली आहेत. रिमिक्स म्हटलं की आपल्याकडे लगेच 'कव्वालीचा खून' सुरू होतं. अहो, मूळचे दोन्ही अल्बम तरी कुठे कव्वालीचे होते? गिटार, सिंथ सगळं तिथेच आलं होतं, आणि खानसाहेब स्वतः त्यात राजीखुशीने गायले होते. मग सोवळं नेमकं कशाचं पाळायचं?

बंदिश:
सोवळ्याचा प्रश्नच नाही. कव्वालीत एक ओळ पुन्हा पुन्हा घेतात, मधे गिरह (दुसरीकडचा शेर) लावतात, टाळ्या चढत जातात, आणि वीसेक मिनिटांनी ती ओळ अंगावर येते. रिमिक्सवाला त्यातली तान तेवढी कापतो आणि फिरवत बसतो. खुद्द ब्रूकने कबूल केलंय की 'मस्त मस्त' संकलित करताना त्याने काही ओळी मधेच तोडल्या होत्या, शब्दांचा अर्थच गेला होता. नुसत्या सरगमीतही वाक्य तुटलं होतं. खानसाहेबांना ते मान्य झालं नाही, म्हणून दुरुस्त करावं लागलं. 'स्टार राईज' आला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खानसाहेब गेले. आता कान कोण पकडणार?

बसथांबा:
मला कव्वालीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश ग्रुपने केलेलं 'मस्त मस्त' गाण्याचं रिमिक्स ऐकलं आणि तिथून खानसाहेबांच्या 'हक अली अली' या कव्वालीपर्यंत पोचलो. एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

खर्ज:
बसथांबा, हेच तर! आणि बंदिशराव, खानसाहेबांच्या 'दम मस्त कलंदर'ची चाल उचलून 1994 साली 'मोहरा'मधलं गाणं आलं, त्यावर आपण सगळे मिरवणुकीत नाचलो. नुसरत कोण, हे तेव्हा कुणी विचारलं होतं का? इथे निदान कव्हरवर त्यांचं नाव आहे, आवाजही त्यांचाच आहे.

बंदिश:
पावती फाडली म्हणून माल चांगला ठरत नाही हो. मॅसिव्ह अटॅकचं मीही मानतो. खाली बेस संथ चालतो, वर आवाजाला मोकळं रान. पण 'स्टार राईज'मधलं 'ता दीम'? एशियन डब फाउंडेशनचे ड्रम असे सुसाट सुटतात की गायक पाहुणा वाटतो.

खर्ज:
'ता दीम'वरून मात्र भांडेन. तराण्याचे, म्हणजे अर्थ नसलेले, बोल आहेत ते, लयीशी झोंबी घेण्यासाठीच असतात. द्रुत तराण्यात तबलजी गप्प बसतो का?

बंदिश:
नाही बसत. पण तो गायकाकडे बघून वाजवतो, गायक त्याला डिवचतो, तो उत्तर देतो. इथे आवाज आधीच टेपवर गोठलेला. ड्रम कितीही पळाले तरी खानसाहेब त्यांना उत्तर देऊ शकत नाहीत. मूळ 'ता दीम' आणि हे, दोन्ही हेडफोनवर पाठोपाठ ऐका. मग बोलू.